कंसातलं मेघे

वर्धा जिल्ह्यात सिंद्या दोन. एक वर्धा शहराला चिकटलेली सिंदी (मेघे). दुसरी सेलू तालुक्यातली, नागपूरच्या वाटेवरची सिंदी (रेल्वे). कंसातला शब्द गाळून पत्र पाठवा. पोहोचेल, पण दुसरीकडे.

कंसाकडे बघतो कोण? अर्ज भरणारा घाईत, घेणारा त्याहून घाईत. संगणकावर नाव चढवणाऱ्यानं ‘सिंदी’ एवढंच टंकलं आणि पुढचं बटण दाबलं. तुमचा कागद वर्ध्याच्या तहसिलीत जाईल की सेलूच्या, हे त्या एका कंसावर ठरतं. तो परत मिळवायला कोणत्या गावची बस धरायची, हेही.

हा घोळ इथं नवा नाही. गांधीजी १९३६ साली वर्ध्याजवळच्या शेगावात राहायला आले. तिकडे बुलढाणा जिल्ह्यात, रेल्वेमार्गावर, दुसरं शेगाव आधीपासून होतंच. टपाल भलतीकडे जाऊ लागलं. अखेर १९४० साली वर्ध्याजवळच्या गावाचं नाव सेवाग्राम झालं. उपाय पोस्टात शोधला नाही, पत्त्यात शोधला.

वाचणारा चुकत असेल तर लिहिणाऱ्यानं बदलायचं. आपल्याकडे मात्र वाचणाऱ्यालाच दटावतात: “नीट वाचा ना!”

नीट वाचायचं काम पहिल्यांदा कुणाचं?

लिहून झालं की आपल्याकडे काम संपतं. तपासणं म्हणजे उरलेल्या पाच मिनिटांत वरून नजर फिरवणं. परीक्षेत शेवटची घंटा व्हायच्या आधी पोरं उत्तरपत्रिका चाळतात, तीच सवय पुढे कार्यालयात जाते, छापखान्यात जाते, वर्तमानपत्रात जाते. परीक्षेत निदान चुकीचे गुण आपलेच कापले जातात. बाहेर कापले जातात ते दुसऱ्याचे.

सातबारा घ्या. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६. तिच्या कलम १५५ मध्ये अधिकार अभिलेखातला लेखनप्रमाद दुरुस्त करण्याची तरतूद आहे. हाताने लिहिलेले सातबारे संगणकावर चढले, तेव्हा या कलमाचा आधार राज्यभर घ्यावा लागला. चूक केली टंकणाऱ्यानं. अर्ज केला जमीनवाल्यानं. पुरावे त्याचे, फेऱ्या त्याच्या, बुडालेली मजुरी त्याची. वडिलांच्या नावातला काना गेला की वारसाची नोंद अडते. बँकेत पीककर्जाचा कागद अडतो. पेरणी त्या कान्यासाठी थांबत नाही.

शाळेच्या दाखल्याचंही तेच. प्रवेशाच्या दिवशी जन्मतारखेचा एक आकडा उलटा पडला. कुणी वाचून दाखवला नाही, कुणी वाचून घेतला नाही. मुलीनं शाळा सोडली की ती तारीख सहजासहजी बदलत नाही. प्रकरण शिक्षणाधिकाऱ्यांपर्यंत जातं. दोन मिनिटं वाचवली कुणी आणि उन्हाळाभर धावतंय कोण?

चूक छोटी असते, असं म्हणणारा माणूस बहुधा ती भोगणारा नसतो.

आता प्रश्न असा, की हुशार माणसांनाही स्वतःची चूक दिसत का नाही? कारण स्वतःचं लिहिलेलं माणूस वाचत नाही, आठवतो. कागदावर ‘वर्धे’ पडलंय, पण मनात ‘वर्ध्यात’ आहे, म्हणून डोळा ‘वर्ध्यात’च वाचून पुढे जातो. लेखक जितका मनापासून लिहिणारा, तितका तो स्वतःच्या प्रुफाला कुचकामी.

म्हणून डोळ्याला नवखं करावं लागतं. मजकूर रात्रभर ठेवा. पडद्यावर लिहिला असेल तर कागदावर काढा. तेही जमत नसेल तर अक्षराचा आकार बदला, म्हणजे ओळी वेगळ्या ठिकाणी तुटतात आणि लपलेले शब्द उघडे पडतात. आणि मोठ्यानं वाचा. मनात वाचताना शब्द गाळता येतो. जिभेला तो गाळायचा तर अडखळावं लागतं. जिथे दोनदा अडखळलात तिथे वाक्य मोडलेलं आहे, कितीही आवडतं असलं तरी.

आवडतं असेल तर जरा जास्तच शंका घ्या.

जुन्या छापखान्यात ही काळजी व्यवस्थेतच होती. एक जण मूळप्रत मोठ्यानं वाचायचा, दुसरा प्रुफावर बोट ठेवून मिळवायचा. गॅलीचं प्रूफ वेगळं, पानाचं प्रूफ वेगळं. चूक निघाली की कंपोझिटरनं चिमट्यानं खिळा उपटायचा आणि दुसरा बसवायचा. दुरुस्ती कष्टाची होती म्हणून नजर सावध होती. आता दुरुस्ती फुकट झाली आणि करणारा कुणी राहिला नाही. कित्येक दैनिकांतून मुद्रितशोधकाची खुर्चीच उचलली गेली. बातमी लिहायची, मथळा द्यायचा, पान लावायचं आणि वर तीच तपासायची, सगळं एकाच माणसानं. त्याच्या डोळ्यांना दोष देऊ नका. दोष खुर्ची उचलणाऱ्याचा.

दुसरा घोटाळा क्रमाचा. बहुतेक लोक पहिल्याच वाचनात ऱ्हस्व-दीर्घ सुधारायला बसतात. जो परिच्छेद मुळात उडवायचा आहे त्याच्या वेलांट्या सरळ करण्यात तास जातो. आणि इतकी मेहनत घेतली म्हणून मग तो परिच्छेद उडवतही नाहीत!

आधी मजकूर बघा. म्हणायचंय ते म्हटलंय का? कार्यक्रम कुठे, किती वाजता, कुणासाठी, हे पहिल्या चार ओळींत आहे का? दोनदा आलेलं काढा. तपशील मिळवा. मग वाक्यं. अक्षरं सगळ्यात शेवटी. आणि एकदा अक्षरांवर आलात की मजकुरात परत हात घालू नका. शेवटच्या क्षणी केलेली दुरुस्ती ही चुकीची हमखास जागा. ‘मुलगा’ खोडून ‘मुलगी’ केली, पण पुढे ‘आला’, ‘त्याला’, ‘हुशार होता’ तसंच राहिलं. मराठीत एक नाम हललं की अख्खं वाक्य हलतं. आपण फक्त नाम हलवून उठतो.

यावर एक ठरलेला आक्षेप येतो, वर्ध्यात तर हमखास. गांधीजींनी ‘हिंद स्वराज’ बोटीवर बसून एकटाकी लिहिलं, मग आम्हालाच का ही शिक्षा?

खरं आहे. १९०९चा नोव्हेंबर, इंग्लंडहून दक्षिण आफ्रिकेला जाणारी ‘किल्डोनन कॅसल’ बोट, १३ ते २२ तारीख. उजवा हात थकला की डावा. हस्तलिखितात खाडाखोड अगदी थोडी. पण त्याआधीचे चार महिने हा माणूस लंडनमध्ये याच विषयांवर लोकांशी वाद घालत होता. खाडाखोड तोंडी होऊन गेली होती. आणि इतकं करूनही, ब्रिटिश पार्लमेंटसाठी वापरलेला ‘वेश्या’ हा शब्द आपण काढायला तयार आहोत, असं त्यांनी पुढे लिहिलं. एका इंग्रज मैत्रिणीला तो खटकला होता. मुद्दा सोडला नाही, शब्द सोडला.

आपल्याला शब्द सुटत नाही. मुद्दा कोणता होता ते आठवत नाही.

आता विनोबा. वर्ध्यात राहून तपासण्याबद्दल लिहायचं आणि त्यांनी मराठीत आणलेली गीता, ‘गीताई’, टाळायची, हे जमणार नाही. ७ ऑक्टोबर १९३० ला सुरुवात, ६ फेब्रुवारी १९३१ ला समाप्ती. चार महिने. संस्कृत त्यांचं तळहातावरचं, मराठी संतांचं अक्षरन् अक्षर मुखोद्गत. अशा माणसानं छापायच्या आधी काय केलं? एखाद्या पंडिताचा अभिप्राय मागवला? आश्रमातल्या मुलांना ती शिकवून पाहिली. जिथे मुलं अडली तिथे शब्द बदलला.

पुन्हा वाचा हे. मूल अडलं म्हणून शब्द बदलला, मुलाला कोशाकडे पाठवलं नाही.

कारण ज्याच्यासाठी लिहिलं त्याला कळलं का, एवढी एकच कसोटी होती. ‘गीताई’ लिहायची ती आईसाठी, जिला संस्कृत गीता कळत नव्हती. असा वाचक समोर धरला की कोणता शब्द राहतो आणि कोणता जातो, हे ठरवायला कष्ट पडत नाहीत. आपल्या सूचनाफलकांपुढे, परिपत्रकांपुढे, बँकेच्या अर्जांपुढे कोणता वाचक धरलेला असतो? वरचा साहेब. म्हणून ते साहेबाला कळतं आणि रांगेतल्याला कळत नाही.

१९३२ साली विनोबा धुळ्याच्या तुरुंगात होते आणि तिथे दर रविवारी गीतेवर बोलत होते. लिहून घेत होते साने गुरुजी. बोलणाऱ्याचं बोलणं पकडणारा लेखणीचा माणूस असा. आज सभेतलं भाषण मोबाईलवर टिपून, यंत्राकडून त्याचा मजकूर करून, तसाच पुढे ढकलतात. वक्त्यानं न म्हटलेलं त्याच्या नावावर छापून येतं, आणि खुलासा करायला वक्त्यालाच पळावं लागतं.

वर्ध्याला गोपुरीत गीताई मंदिर आहे. १९८० साली झालं. छत नाही, मूर्ती नाही. उभ्या शिळा आणि त्यांवर कोरलेली गीताई. दगडावर शुद्धिपत्रक डकवता येत नाही. तो मजकूर तोवर पन्नास वर्षं शेकडो तोंडांतून गेलेला होता, म्हणून कोरण्याची हिंमत झाली. फ्लेक्स उतरवून दुसरा लावता येतो, म्हणून आपण पहिला वाचतच नाही.

तपासायला कुणाला द्यावं? मित्राला नको. मित्र “छान आहे” म्हणतो.

गांधीजींच्या आत्मकथेचा महादेवभाई देसाईंनी केलेला इंग्रजी अनुवाद घ्या. दोन भागांत तो १९२७ आणि १९२९ साली आला. दुसऱ्या आवृत्तीआधी, १९४० साली, एका मोठ्या इंग्रजी पंडितानं तो तपासून दिला. त्याची अट एकच: माझं नाव कुठेही द्यायचं नाही. महादेवभाईंनी प्रस्तावनेत अट पाळली. पुढे कळलं की ते व्ही. एस. श्रीनिवास शास्त्री होते. असहकाराला विरोध करणारे, राजकारणात गांधीजींशी न पटणारे. तपासायला असाच माणूस हवा. ज्याला तुमचं पटत नाही तोच तुमचं नीट वाचतो.

मराठीतही हे घडलं आहे. ‘सत्यकथा’ मासिकाच्या काळात त्याचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन कथा परत पाठवत, पुन्हा लिहा म्हणत, कुठे सैल पडली ते पत्रात कळवत. लेखक चिडत. आणि पुन्हा लिहीत. आज लेखकाला दुपारी लेख पाठवून संध्याकाळी तो छापून हवा असतो. संपादकालाही तेच सोयीचं असतं.

‘न’ची गोष्ट सांगायलाच हवी. १६३१ साली लंडनमध्ये बायबलची एक आवृत्ती छापली गेली आणि ‘व्यभिचार करू नकोस’ या आज्ञेतला नकारच गळला. राजाचे मुद्रक रॉबर्ट बार्कर आणि मार्टिन लुकस यांना ३०० पौंड दंड झाला. हसायला ठीक आहे. पण आपल्या भाषेत हा धोका कमी नाही, जास्त आहे. इंग्रजीत नकार बहुधा वाक्याच्या मध्ये असतो, मराठीत शेवटी. ‘हे पाणी पिण्यायोग्य’ एवढ्यावर ओळ संपली आणि ‘नाही’ खालच्या ओळीत गेलं, की रंगारी विसरतो, कापणारा कापतो, किंवा खिळा नेमका तिथेच ठोकला जातो. फलक उभा राहतो. लोक पाणी पितात.

आकड्यांचं तर विचारू नका. सावंगी आणि सेवाग्राम, दोन वैद्यकीय महाविद्यालयं या भागात आहेत. डॉक्टर होणाऱ्याला शिकवलं जातं: पूर्ण आकड्यापुढे टिंब आणि शून्य लिहायचं नाही, कारण ५.० घाईत ५० वाचलं जातं. अपूर्णांकाआधीचं शून्य सोडायचं नाही, कारण .५ मधलं टिंब पुसलं की ५ होतं. औषधाची चिठ्ठी सुवाच्य आणि शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहा, असं भारतीय वैद्यक परिषदेनं २०१६ साली सांगितलं. अक्षर हा जिवाचा विषय आहे म्हणून सांगावं लागलं. तरी चिठ्ठी वाचायला आपण अजून औषधवाल्याकडेच बघतो.

आणि तुमचं-आमचं? लग्नपत्रिकेतला वार आणि तारीख पंचांगाशी ताडून पाहा. निम्मा गोंधळ तिथेच असतो. मोबाईल नंबर वाचून तपासू नका, लावून बघा. पलीकडे आपलाच माणूस बोलला तर छापा. मथळा सगळ्यात शेवटी वाचा आणि एकटा वाचा. सगळ्यात मोठी चूक सगळ्यात मोठ्या अक्षरात राहते, कारण मोठं अक्षर तपासायची गरज कुणाला वाटतच नाही. ५ सप्टेंबरला शहरभर ‘शिक्षक दीन’ झळकतात. बिचारा शिक्षकच ते लिहिणाऱ्याला शिकवून निवृत्त झालेला असतो.

‘पण मराठीचे नियम फार किचकट!’ किचकट म्हणणाऱ्यानं ते वाचलेत का? मराठी साहित्य महामंडळाचे १४ नियम १९६२ सालचे, आणखी ४ नियम १९७२ सालचे. एकूण १८. एका दुपारचंही काम नाही. यास्मिन शेख यांनी आयुष्य या कामात घातलं, ‘मराठी शब्दलेखनकोश’ तयार करून दिला. त्यांनी लेखनाची वाट साफ करून ठेवली आणि आपण कोश उघडायचा कंटाळा करतो.

३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला. अभिनंदनाचे फलक लागले. किती जणांनी ते लावण्याआधी वाचले?

पण थांबा, दुसऱ्या टोकालाही जाऊ नका. शुद्धलेखनाची काठी घेऊन माणसाच्या बोलीवर धावणारे तपासनीस मला चूक करणाऱ्यांपेक्षा जास्त त्रास देतात. वर्ध्याचा माणूस ‘तो काम करून राहिला’ म्हणतो. कथेतल्या त्याच्या तोंडचं हे वाक्य कुणी ‘तो काम करत आहे’ असं केलं, तर ती दुरुस्ती नाही, ती चोरी आहे. माणूस वर्ध्यातून उचलून पुण्यात नेऊन ठेवला! २०२३च्या फेब्रुवारीत ९६वं मराठी साहित्य संमेलन वर्ध्यात भरलं, विदर्भ साहित्य संघाच्या शताब्दीचं निमित्त होतं. मांडवात बोलीचे गोडवे खूप गायले जातात. प्रुफावर लाल शाई फिरवताना ते आठवावेत. कारकुनाच्या अर्जातला लेखनप्रमाद वेगळा, म्हातारीच्या तोंडातला शब्द वेगळा. हा फरक ज्याला कळत नाही त्याच्या हातात लाल पेन देऊ नये.

यंत्राच्या हातातही नाही. मोबाईल तुमचा शब्द बदलून त्याला माहीत असलेला टाकतो आणि तुम्हाला विचारतही नाही. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणताना रफार उडतात, जोडाक्षरं फुटतात, आडनावं ओळखू येईनाशी होतात. आता तर सगळा मजकूर यंत्रापुढे टाकून “दुरुस्त कर” म्हणायची सोय झाली. ते व्याकरण करेल, वाक्य गुळगुळीत करेल. पण अर्जदार मेघेचा की रेल्वेचा, हे त्याला कोण सांगणार? चूक शुद्ध मराठीत लिहिलेली असली की ती जास्त दिवस टिकते.

यंत्राला जे जमत नाही ते गावाला जमतं, आणि हे राज्यात करून झालंय. २०१७ साली संगणकावरच्या सातबाऱ्यांचं चावडी वाचन झालं. उतारे गावात वाचून दाखवायचे, ज्याचा त्यानं ऐकायचा, चूक तिथंच सांगायची. मुद्रितशोधनाची याहून चांगली पद्धत मला माहीत नाही. वाचणारा एक, ऐकणारा दुसरा, आणि ऐकणाऱ्याची जमीन त्या ओळीत. त्याचा कान गटाच्या आकड्याशी अडखळतोच. हे मोहिमेपुरतं का? घरकुलाची यादी, निराधार योजनेची यादी, नळजोडणीची यादी, शाळेचं प्रवेशपुस्तक. छापण्याआधी, सही होण्याआधी, संगणकात पक्कं होण्याआधी ज्याचं नाव त्याला वाचून का दाखवत नाहीत? वेळ नाही म्हणतात. नंतर वर्षभर दुरुस्तीचे अर्ज स्वीकारायला मात्र खिडकी उघडी असते.

सिंदी (मेघे) सारखं गाव वर्ध्याच्या कडेनं वाढत चाललंय. नवी घरं, भाड्यानं आलेली कुटुंबं, तीच तीच आडनावं. इथं नावांची सरमिसळ व्हायला वेळ लागत नाही. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीआधी प्रभागनिहाय प्रारूप मतदार यादी लागते. तिच्यावर हरकती घ्यायला मोजके दिवस असतात. नाव चुकीच्या प्रभागात गेलं, लेखनिकाकडून गळलं, तर सांगायचं तेव्हाच. यादी लागली की मोबाईलवर फोटो काढून घरी आणू नका, तिथंच उभं राहून वाचा. नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, वय, घर क्रमांक, प्रभाग, या क्रमानं, बोट ठेवून. मग वरची आणि खालची ओळही वाचा. त्या घरातली माणसं कामावर गेलेली असतात आणि ती परतेपर्यंत कार्यालय बंद होतं.